माशीने मासा: पुण्याजवळच्या उतरत्या पाण्यावर फ्लाय फिशिंगची सुरुवात

फ्लाय रॉड, म्हणजे खोट्या माशीने मासे धरायची काठी, घेऊन मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे आता पैसे खर्चून माशा मारत बसणार." तिचं फारसं चुकलं नाही. पहिल्या वर्षी माझ्या गळाला लागलेल्या गोष्टी अशा: बाभळीची फांदी, माझाच शर्ट, मित्राची टोपी आणि दोन चिलापी (टिलापिया जातीचे मासे). त्यातली एक तर शेपटीला गळ अडकून आली.

हाताची चूक होतीच, पण पंचांगाची जास्त होती. मी शिकलो परदेशी व्हिडिओ बघून. त्यांचा वसंत म्हणजे डोंगरातला बर्फ वितळणार, नद्या फुगणार आणि ट्राउट मासे वर येऊन किडे टिपणार. आपल्याकडे बर्फ नाही, ट्राउट नाही आणि नद्या फुगतात त्या आषाढात. पुण्याचा वसंत हा उतरत्या पाण्याचा. महाशिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत धरणांचं पाणी मागे सरकतं, नितळ होतं आणि तापतं. या तीन गोष्टी जोखता आल्या की नवख्याला मासा मिळतो. त्या जोखता येत नसतील तर महागातला रॉडही काठीच.

सामान: थोडकंच

साध्या गळात शिशाच्या वजनाने तंगूस (नायलॉनचा दोरा) लांब जातो. फ्लाय म्हणजे गळावर पीस, दोरा, लोकर गुंडाळून केलेली खोटी माशी किंवा अळी. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन लाइनला दिलेलं असतं. ही जाडसर लाइन हवेत मागे-पुढे उलगडायची आणि तिच्या टोकाला माशी आपसूक जाते. हे एकदा लक्षात आलं की दुकानात कोणी साध्या रीलवर फ्लाय बांधून द्यायला लागला तर तुम्ही नमस्कार करून बाहेर पडाल.

पुण्याच्या पाण्यासाठी ९ फुटी, ५ किंवा ६ वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड घ्या आणि त्याच वेटची तरंगणारी लाइन. लाइनच्या पुढे निमुळता होत जाणारा ९ फुटांचा तंगूस, म्हणजे लीडर, आणि त्याच्या टोकाला फोर-एक्स जाडीचा टिपेट, म्हणजे माशी बांधायचा बारीक तुकडा. रीलवर पैसे घालू नका. आपल्या माशांसाठी ती पतंगाच्या फिरकीइतकंच काम करते. माशा तीनच प्रकारच्या पुरतात: १० नंबरचा काळा किंवा शेवाळी वूली बगर (झुपकेदार, बुडणारा), १२ किंवा १४ नंबरची फेझंट टेल निम्फ (पाण्यातल्या अळीसारखी) आणि फोमचा एक पॉपर (तरंगणारा, ओढला की आवाज करणारा). इथे नंबर जेवढा मोठा तेवढा गळ लहान. पहिल्याच दिवशी पकडीने प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. माशासाठी तर कराच, पण आधी स्वतःच्या कानासाठी करा.

टोपी आणि पोलराइज्ड गॉगल यांशिवाय पाण्यावर जाऊ नका. गॉगलचे दोन उपयोग. एक, पाण्यावरची चकाकी जाऊन आतलं दिसतं. दुसरा, डोळा शाबूत राहतो.

आधी मैदान, मग धरण

पहिले आठ दिवस पाण्याकडे फिरकूच नका. सकाळी मैदानावर जा, टिपेटला लोकरीचा तुकडा बांधा आणि लाइन फेकायचा सराव करा. लोक विचारतात, त्याची तयारी ठेवा. मला एका आजोबांनी दहा मिनिटं शांतपणे बघून विचारलं होतं, "पतंग तुटला का?"

कृती अशी. तुमच्या शेजारी घड्याळाची तबकडी उभी आहे, बाराचा आकडा डोक्यावर, असं समजा. रॉड पुढे दहाच्या आकड्यावर, मागे एकच्या आकड्यावर थांबवायचा. हात खांद्यातून गरगर फिरवायचा नाही; कोपर अंगाजवळ, मनगट घट्ट. आणि मागे नेल्यावर थांबायचं. लाइन मागे सरळ होईपर्यंत थांबायचं. सगळी विद्या या थांबण्यात आहे आणि नवखा नेमका इथेच घाई करतो. चाबकासारखा 'फट्' असा आवाज आला तर समजा की थांबला नाहीत, आणि पाण्यावर असता तर माशी तुटून मागच्या झुडपात गेली असती.

लाइन १० ते १२ मीटर नीट पडायला लागली की पुरे. त्याहून लांब फेकायची हौस पुढच्या वर्षी भागवा. वसंतात चिलापी बहुतेक वेळा काठापासून तेवढ्याच अंतरात असते. धरणाच्या काठाला मागे बाभळी असतात, तिथे लाइन मागे न नेता पाण्यावरूनच उचलून पुढे लोळवायची रोल कास्टही शिकून घ्या. उजवा हात वापरत असाल तर वारा डाव्या खांद्यावरून येईल असे उभे राहा. उजवीकडून वारा आला की माशी थेट तोंडावर येते.

पेपरातला टीएमसीचा चौकोन

पेपरातला धरणसाठ्याचा हा चौकोन (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पुणेकर पाणीकपातीच्या धास्तीने वाचतात. आपण तो माशांसाठी वाचायचा. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची एकूण क्षमता २९.१५ टीएमसी. त्यात वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघं १.९७. वरच्या धरणांतलं पाणी खाली खडकवासल्यात येतं आणि तिथून कालव्याला आणि शहराला जातं. याचा अर्थ असा की वसंतात पानशेत आणि वरसगाव उतरत जातात, पण खडकवासला वर-खाली होत राहतं. रविवारी ज्या दगडावर बसून मासे धरले तो पुढच्या रविवारी पाण्याखाली असू शकतो. खडकवासल्याला कालची जागा आज धरून बसू नका.

उन्हाळी आवर्तन सुरू झाल्याची बातमी आली की मी दोन-तीन दिवस थांबतो. पाणी भराभर उतरत असताना चिलापी काठ सोडून आत जाते, असा माझा अनुभव आहे. उतरण्याचा वेग मंदावला की ती परत उथळात येते. वेग कळायला यंत्र लागत नाही. पोहोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काडी रोवा, निघताना बघा. काठावरचा ओला पट्टाही सांगतो. चार बोटं असेल तर पाणी जवळजवळ थांबलंय, हातभर असेल तर पळतंय. पानशेतच्या काठावर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या एका काकांनी मला हे शिकवलं. माझा रॉड बघून ते एवढंच म्हणाले होते, "दादा, माशी राहू द्या, आधी ओली रेघ बघा."

सगळ्या हंगामाचा अंदाज घ्यायला देवळं आहेतच. पाणी पुरेसं उतरलं की पवना धरणात वाघेश्वराचं, भाटघरच्या पाण्यात वेळवंडच्या बाजूला कांबरेश्वराचं आणि उजनीत पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर वर येतं. मंदिर पूर्ण उघडं पडलं म्हणजे आपला वसंत सरत आला.

कुठे जायचं आणि कोणाला विचारायचं

शहरातली मुळा-मुठा विसरा. सांडपाणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माजणारी जलपर्णी यातून फ्लाय ओढणं म्हणजे गवत कापणं. एक गोष्ट मात्र मनाला लागते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या महसीर माशाचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याच्या पूर्वेला याच मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून.

आळंदी आणि देहूच्या इंद्रायणीत गळ टाकायचा नाही. तिथले डोह भाविकांनी पिढ्यानपिढ्या राखलेले आहेत. बघायला जरूर जा, चुरमुरे टाका, रॉड गाडीत ठेवा.

नवख्यांसाठी जागा: पानशेत आणि वरसगावचे मंद उताराचे काठ, पवनेचं मागचं पाणी, भोरजवळचं भाटघर, राजगुरुनगरच्या बाजूला चासकमान. पवनेला शनिवार-रविवारी तंबूवाल्यांची जत्रा असते, तेव्हा तिथे मधल्या वारीच जा. खडकवासल्याचा एनडीएकडचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडचा) काठ बंद आहे, तिकडे पाऊलही टाकू नका. कुठल्याही धरणाची भिंत, दरवाजे आणि वीजघर यांच्या आसपासही तेच. उजनीला भिगवणच्या बाजूला चिलापी भरपूर, पण पाणी उथळ, चिखल खोल आणि मार्चपर्यंत रोहित पक्षी असतात. त्यांच्या थव्याच्या दिशेने चालत जाऊन लाइन फिरवणारा माणूस मला तरी बघवत नाही.

बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. तेव्हा पहिल्या दिवशी रॉड न काढता गावात जा, संस्थेचे लोक कोण ते विचारा आणि परवानगी घ्या. शुल्क सांगितलं तर भरा, पावती घ्या. त्यांची जाळी कुठे लावलीत तेही विचारून घ्या. जाळ्यात अडकलेली माशी सोडवताना जाळं फाटलं तर नुकसान त्यांचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासाच्या गप्पांत जेवढं पाणी कळतं तेवढं चार रविवारांत कळत नाही.

घड्याळ महिन्याप्रमाणे बदलतं

"पहाटे जा" हा सल्ला सगळे देतात. फेब्रुवारीत तो चुकीचा आहे. तेव्हा पुण्याची पहाट १२-१३ अंशांवर असते आणि उथळ काठ रात्रभरात गार पडलेला असतो. चिलापी गार पाण्यात सुस्त असते. पाणी २० अंशांखाली गेलं की तिला खाण्यात रस उरत नाही. म्हणून माघ-फाल्गुनात चहा-पोहे खाऊन निघा आणि नऊ ते बारा मासे धरा. पूर्वेकडून ऊन येणारे, काळ्या दगडाचे काठ आधी तापतात. तिथून सुरुवात करा.

होळीनंतर गणित फिरतं. मार्चमध्ये दुपार ३५-३६ अंशांवर जाते. पहिल्या पंधरवड्यातली सकाळ सात ते साडेदहा ही वर्षातली सगळ्यात चांगली वेळ, असं माझं मत. पाणी ना गार ना तापलेलं, वारा पडलेला, नितळ तळ दिसतो. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि घाटाकडच्या धरणांत तर लाटा उठतात. तेव्हा नवख्याने जेवून झाडाखाली झोपावं हे उत्तम.

एप्रिलमध्ये मात्र खरोखर पहाटे. उजाडताना पाण्यावर हजर, साडेआठला आवरतं. संध्याकाळी वारा पडल्यावरचा अर्धा तास मिळाला तर बोनस. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. अशा पाण्यात खेळवून दमवलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही. मे महिन्यात मी मासे धरत नाही.

काठावर: पहिली चिलापी

चिलापी १९५२ साली बाहेरून भारतात आणली गेली आणि मग जिथे तिथे पसरली. देशी माशांच्या दृष्टीने ती उपद्रवीच. नवख्याच्या दृष्टीने मात्र गुरू. पाणी ऊबदार झालं की नर उथळात तळाच्या मातीत परातीएवढे गोल खड्डे करतो आणि त्यावर पहारा देतो. वसंतातल्या नितळ पाण्यात हे खड्डे काठावरून दिसतात. गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात फिकट गोल डाग दिसले की थांबा.

तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. पाणी जितकं नितळ तितकी तुमची सावली माशाला लवकर कळते. सूर्य पाठीशी असेल तर सावली खड्ड्यांवर पडते आणि सगळे नर धूम ठोकतात. पाण्यापासून दोन-तीन मीटर मागे, वाकून किंवा गुडघ्यावर बसून फेका. पांढरा शर्ट घरी ठेवा.

निम्फ खड्ड्याच्या पलीकडे हातभर टाका. बुडू द्या. मनात दहा आकडे मोजा. मग रॉडचं टोक पाण्यालगत खाली ठेवून लाइन डाव्या हाताने वीतभर ओढा, थांबा, पुन्हा वीतभर. चिलापी माशीवर झडप घालत नाही. नको असलेला पाहुणा उचलून बाहेर ठेवावा तशी ती माशी तोंडात धरते आणि थुंकते. हाताला झटका लागत नाही, लाइन फक्त जड वाटते किंवा लीडर किंचित बाजूला सरकतो. तेवढ्यात लाइन ओढून गळ बसवायचा. रॉड वर झटकलात तर माशी माशाच्या तोंडातून निघून तुमच्या टोपीत येईल.

दहा वेळा टाकून काही झालं नाही तर माशी बदलण्याआधी खोली बदला. जास्त वेळ बुडू द्या. तरीही नाही, तर निम्फ काढून वूली बगर लावा आणि जरा जलद ओढा. प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळलेली गाठ घासून कमजोर होते आणि नेमका मोठा मासा घेऊन जातो.

पाण्यात उतरण्याबद्दल: व्हिडिओत माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात. आपल्या धरणात ते करू नका. उतरत्या पाण्याने उघडा पडलेला गाळ वरून वाळून भेगाळतो आणि खाली लोण्यासारखा मऊ असतो. माझा पाय एकदा मांडीपर्यंत गेला होता. बूट अजून तिथेच आहे. शिवाय बुडालेल्या गावांच्या विहिरी, बांध आणि जुनी नदीची खोल धार पाण्याखाली जशीच्या तशी असते. काठी टेकवत चाला, काठावरूनच फेका, एकट्याने जाऊ नका.

जलपर्णीच्या किंवा गवताच्या कडेला पाण्यावर बुडबुडा सोडून काही तोंड वर काढून गेलं तर ती मरळ, ती हवेत श्वास घ्यायला वर येते. तिच्या पुढे हातभर अंतरावर पॉपर टाकून 'गुडुप' असा आवाज करून बघा. पण लालसर पिल्लांचा घोळका वर दिसला तर आई-बाप खालीच राखण करत असतात. तो घोळका सोडून द्या.

वाहतं पाणी हवंच असेल तर

वसंतात आपल्या बहुतेक नद्या म्हणजे सुटे डोह. धरणातून पाणी सोडलं की मात्र खालचा पट्टा वाहता होतो आणि पाणी खोलातून आलेलं असल्याने गारही असतं. पानशेतखालची आंबी, वरसगावखालची मोसे अशा जागा. मोह पडेल असं दृश्य असतं, पण पाणी कधीही वाढतं. आवाज बदलला, पाण्यावर काडी-कचरा यायला लागला, दगडावरची ओली रेघ वर चढली, यातलं एकही झालं तर सामान गोळा करून वर. नदीच्या मधल्या खडकावर बसून मासे धरू नका, तो कितीही सपाट असला तरी.

इथे परदेशी किड्यांचे तक्ते उपयोगाचे नाहीत. झाडं बघा. काठावरचा उंबर पिकून फळं टपटपत असतील, करंजाची फुलं पाण्यावर सांडत असतील, तर खाली मासे जमलेले असतात. त्या धारेत माशी वरून सोडा आणि ओढू नका, पाण्यासोबत वाहू द्या. लाइन वेडीवाकडी ताणली गेली की माशी प्रवाहाच्या विरुद्ध पळते, आणि वाहतं फळ असं पळत नाही हे माशाला ठाऊक असतं.

हातात आल्यावर

हात ओले करून धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला बुरशी लागते. मोठे खवले, जाड ओठ आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतील तर तो महसीर. पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवा, तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो स्वतःहून जाईपर्यंत थांबा. टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली जातायत. ती तुमच्या तव्यासाठी नव्हेत.

चिलापी मात्र संस्थेची हरकत नसेल तर खुशाल घरी आणा. आडव्या चिरा, आलं-लसूण, कोकमाचं आगळ, तांदळाचं पीठ, बस्स. उजनी आणि भीमेकडे अंगावर कडक खवल्यांचं चिलखत असलेला सकर मासा गळाला लागला तर तो परत पाण्यात सोडू नका. मत्स्यालयांतून सुटून नदीत आलेला हा पाहुणा आहे, त्याचं काय करायचं ते तिथल्या मच्छीमारांना विचारा.

निघताना तुमचा आणि आधीच्या कोणाचाही तंगूस दिसला तर गुंडाळून खिशात घाला. त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. घरी आल्यावर लाइन कोमट साबणपाण्यातून काढून ओल्या फडक्याने पुसा. धरणाच्या शेवाळाचा थर बसला की ती तरंगत नाही.

आणि एप्रिलच्या दुपारी सह्याद्रीवर काळे ढग चढायला लागले, वळवाचा वास आला, की मासा कितीही खात असो, रॉड खाली ठेवा. फ्लाय रॉड कार्बनचा असतो, वीज त्यातून सहज वाहते आणि उघड्या काठावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. विजेच्या तारांखाली तर रॉड जोडलेला घेऊन चालायचंही नाही. रॉडचे जोड सुटे करा, पिशवीत घाला, गाडीत बसा. पहिल्या दोन-चार वळवांनी ओढ्यांची लाल माती काठाला आली की नितळपणा संपतो. मग गणपती जाऊन पाणी निवळेपर्यंत माझा रॉड माळ्यावर असतो.